खिळ्यावरची रोटी

"आधी रोटी खा. मग हवं तेवढं रड," शेजारची सलोमत खाला म्हणाली.

एल्मुरोद उंबऱ्यातच उभा होता. खांद्यावरची बॅग अजून खाली ठेवली नव्हती. आतल्या बाजूला, दाराच्या वर, खिळ्याला पांढऱ्या कापडाची पिशवी टांगलेली होती. इथली रीत अशी, दूर निघालेल्या माणसानं ताज्या रोटीचा एक घास तोडायचा आणि उरलेली घरात टांगून ठेवायची. ती रोटी त्याची वाट पाहते, त्याला ओढून घरी आणते. आल्यावर पिशवी त्यानंच उतरवायची, रोटी त्यानंच संपवायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गिलाव्याच्या कामाला तो रशियात, समाराला निघाला, तेव्हा आईनं रोटी त्याच्या तोंडापुढे धरली होती. "मोठा घास घे रे. चिमणीसारखं काय टोचतोस?" म्हणून हसली होती. तिचे खालचे दोनच दात उरले होते, पण हसायची तोंडभर.

नवरोजच्या सणाला येतो, असं सांगून गेला होता तो. तेवढ्यात साथ आली. रशियानं सांगितलं, बाहेर पडू नका. कझाखांनी सांगितलं, आत येऊ नका. आपल्या उझबेकांनी सांगितलं, आलात तर जवळ येऊ नका. सरहद्दीच्या तारेपाशी, उघड्या माळावर, आपल्यासारख्याच शेकडो पोरांबरोबर तो तंबूत पडून राहिला. तिथंच फोनवर कळलं की आईला दवाखान्यात नेलं. तिथून पुढं तिचा आवाज कुणी ऐकला नाही. मग कळलं, आई गेली. पांढऱ्या अंगरख्यातल्या परक्या माणसांनी तिला मातीत ठेवलं. कोकंदला दिलेली बहीण निघाली होती, ती नाक्यावरूनच परत फिरली. घराला टाळं लागलं. ते आज उघडत होतं.

"खाला, एकच सांग," तो म्हणाला. "जाताना माझ्यासाठी काही बोलली?"

माळावरून हा एकच प्रश्न त्यानं उराशी धरून आणला होता. दर वेळी फोनवर तो म्हणायचा, "या शुक्रवारी नक्की येतो, आई." आधी आधी ती म्हणायची, "पुलावासाठी गाजरं चिरून ठेवते." शेवटी शेवटी नुसतं "बरं" म्हणायची.

खालानं पदरासारखा रुमाल डोळ्यांवर ओढला.

"खोटं सांगितलं असतं रे. पण वरच्याला तोंड दाखवायचंय मला. नाही बोलली."

"एक शब्दही नाही?"

"त्या सकाळी मी तिच्यासाठी रोटी भाजली. फाटकावर गरम गरम ठेवली आणि मागं फिरले. आत यायची बंदी होती ना, मोहल्ल्याच्या मुखियानं दोरी बांधलेली. मग गाडी आली. माझी तुर्सुनोय, तुझी आई, बाहेर आली, दोन पावलं टाकली अन् पुन्हा आत वळली. ते लोक खेकसले, 'आजी, लग्नाला निघालीस का नटायला?' बराच वेळ लागला तिला. दम कुठं होता छातीत? मला वाटलं, जपमाळ विसरली असेल. पण माळ बघ, तिथंच आहे, उशाशी."

"मग?"

"मग आली, तोंडावर मास्क बांधून. मी माझ्या फाटकातून ओरडले, 'तुर्सुनोय, एल्मुरोदला काय सांगू?' तिनं माझ्याकडं पाहिलं. हात वर केला. बोलली मात्र नाही." खालानं रुमालाच्या टोकानं नाक पुसलं. "जन्माचा शेजार आमचा. रोज भिंतीवरून भांडायचो अन् त्याच भिंतीवरून सूपचा वाडगा द्यायचो. त्या दिवशी मी दोरीपलीकडून जवळ गेले नाही. म्हणून रुसली. माझ्या रोटीलाही तोंड लावलं नसेल. उपाशी गेली माझी सखी."

"तुझ्यावर नाही रुसली," एल्मुरोद म्हणाला. "माझ्यावर रुसली. मला ती रोटी नको, खाला. जिनं भरवली, तीच नाही."

"गप! तिनं टांगलेली रोटी तशीच ठेवलीस, तर तिचं वाट बघणं संपायचं कसं?"

त्यानं बॅग खाली ठेवली. खिळ्याखाली एक चौरंग होता. एरवी तो चुलीपाशी असायचा. एल्मुरोद उंच होता, त्यानं चौरंग पायानं बाजूला सारला, "बिस्मिल्ला" म्हटलं आणि पिशवी उतरवली.

पिशवी हाताला जड लागली.

जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरून त्यानं गाठ सोडली. आत दोन रोट्या होत्या. एक त्याची, काठाशी त्याच्याच दातांनी तोडलेली. दुसऱ्या रोटीकडे तो बघत राहिला. रोटीवर फूल उमटवायच्या खालाच्या ठशाची एक सुई कधीचीच मोडली होती. तिच्या रोटीवरच्या फुलाला एक पाकळी कमी असते, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. या रोटीवरच्या फुलाला एक पाकळी कमी होती. आणि काठाशी एक छोटासा घास तोडलेला होता. खाली दोन दातांच्या खुणा. वर नुसत्या हिरड्यांचा दाब.

तिच्या तोंडापुढे रोटी धरायला घरात कुणी नव्हतं. तिची तिनंच धरली होती.

खाला दस्तरखानाशी येऊन बसली. बोटांनी तिनं त्या खुणा चाचपल्या.

"अरे, ती रुसली नव्हती रे," ती म्हणाली. "तिच्या तोंडात घास होता."

एल्मुरोदनं आपली रोटी चहात भिजवून संपवली. चुरासुद्धा बोटानं टिपून खाल्ला. मग दुसरी रोटी, फूल वरच्या अंगाला येईल अशी, पिशवीत ठेवली, गाठ मारली आणि खिळ्याला टांगली. ती उतरवायचा हक्क त्याचा नव्हता.