वायर धरलेला हात

गावभरच्या गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या नूर मोहम्मद यांच्या स्वतःच्या जुन्या गाडीचा हेडलाईटचा स्विच महिन्यापासून जळलेला होता. आणि आज पहाटेच्या अंधारात त्यांच्याच छातीत कळा सुरू झाल्या. आलापल्लीहून चंद्रपूरचा दवाखाना गाठायचा होता, गाडी चालवायला एकटी लेक निशात.

“दुनियेच्या गाड्या नीट केल्या, आपलीच राहू दिली ना अब्बा!”

“करंट दिव्यापर्यंत पोचूनच आहे. या गाडीत स्विच फक्त अर्थिंग देते, वायर गाडीच्या लोखंडाले टेकवते,” म्हणत त्यांनी डॅशबोर्डखालची वायर ओढली. गाठ मारण्याइतकी ती लांब नव्हती, म्हणून अंगठ्याने लोखंडावर दाबून धरली. दोन्ही दिवे लागले.

“धरून ठेवाल ना?”

“तू रस्त्याकडे पाह्य.”

आष्टीचा पूल ओलांडल्यावर अब्बांचं बोलणं थांबलं. निशातने हाका मारल्या, उत्तर आलं नाही. वळून पाहायची तिची हिंमत होईना. दिवे जळत आहेत म्हणजे अब्बा आहेत, एवढं एकच मनाशी धरून ती समोरच्या पिवळ्या उजेडात डोळे रोवून गाडी हाकत राहिली.

गोंडपिपरीच्या अलीकडे

दिवे

विझले.

करकचून ब्रेक दाबून तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला.

 

 

“काऊन रडून राह्यली? दिवस निघाला ना. उजेडात लाईट कोण जाळते?”