लाल पट्टी

“तुमची मुलगी ऐकत नाही,” वर्गशिक्षिका मिस टॅन म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रीन साधनाकडे वळवली. ऋताच्या नावापुढे लालभडक पट्टी होती. बाकी वर्ग हिरवागार.

सिंगापूरमधल्या हौगांगच्या त्या शाळेत सरकारी अभ्यास चालला होता. टॅबलेटवर मुलं कशी शिकतात, याचा. गोष्ट कानात वाजायची आणि कॅमेरा डोळे टिपायचा. डोळे मिटले की पट्टी लाल.

साधनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “ती डोळे मिटूनच ऐकते हो. तान्ही होती तेव्हापासून कीर्तनाला मांडीवर घेऊन बसलेय मी तिला. रंग चढला की डोळे आपोआप मिटतात. विचारा तिला गोष्ट, शब्दन् शब्द सांगेल.”

“विचारणं या अभ्यासात बसत नाही,” मिस टॅन सौम्यपणे म्हणाल्या. “लाल पट्टीवाल्यांचा पुढच्या टर्मला वेगळा गट होईल.”

म्हणजे ऐकलं का, हे पोरीला विचारायचं नाही. तिच्या पापण्यांना विचारायचं. घरी येऊन साधनाने सरकारपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.

“तुझं खरंय गं,” तिचा नवरा सारंग म्हणाला. “पण पोरगी खरंच वेगळ्या गटात गेली तर?”

त्या ‘तर’पुढे तिचा राग लंगडा पडला. निजवताना तिने ऋताला कुशीत घेतलं. “बाळा, ऐकताना डोळे उघडे ठेवायचे हं. मिटले तर त्यांना वाटतं, तू ऐकतच नाहीस.”

ऋता गुणी पोर. पट्टी हिरवी झाली. मिस टॅनचा अभिनंदनाचा मेसेज आला.

“आज कुठली गोष्ट होती गं?” साधनाने विचारलं.

“माहीत नाही, लाह.” शाळेतल्या मुलांचं हे ‘लाह’ हल्ली तिच्या वाक्यांच्या शेपटीला असायचं. “ मी डोळे सांभाळत होते.”



शनिवारी यिशुनला, साधनाची मैत्रीण प्रणिता हिच्या फ्लॅटमध्ये कीर्तन होतं. बुवांनी द्रौपदीचं आख्यान लावलं. तिने देवाला हाक मारली, तिथे बुवांचा आवाज असा काही लागला की अख्खी बैठक विरघळली. पेटीवाला डोळे मिटून, टाळकरी डोळे मिटून, खुद्द बुवाही. आठवडाभर धुमसणाऱ्या साधनाच्या जिवाला गारवा मिळाला. तिचेही डोळे मिटले.

कुणीतरी तिची ओढणी ओढली.

ऋता ताठ बसली होती. डोळे टक्क उघडे, ताणून ताणून पाणावलेले. बैठकीवरून नजर फिरवत ती आईच्या कानाशी लागली.

“आई, इथे कुणीच ऐकत नाहीये, लाह. तूसुद्धा.”