पाटी नसलेली स्टेशनं

"पाट्या उतरवा, नाहीतर गाडी जप्त," फौजदार दौलतराव घोरपडे म्हणाले.

मंडपात चारशे माणसं आणि एक गणपती होता. सगळेच गप्प झाले.

सत्तावन्न सालचा लालबागच्या चाळीचा देखावा म्हणजे एक खेळण्यातली आगगाडी होती. गिरणीत फिटर असलेल्या धोंडू परबाने ती सात महिने खपून केली होती. इंजिनाचं अंग दुधाच्या पावडरीच्या डब्याचं होतं, चाकं गिरणीच्या लेथवर उतरलेली होती, आणि ती तिथे कशी उतरली हे मालकाला माहीत नव्हतं. गाडी मुंबईहून सुटायची, पुणे, मिरज करत बेळगावला पोचायची. नेमकं बेळगाव आदल्याच वर्षी म्हैसूर राज्यात गेलं होतं, म्हणून फौजदार आले होते.

खाणावळवाल्या कमलाबाईंना तर कारवारही हवं होतं.

"थंय रेल्वे नाय गे," धोंडू म्हणाला होता.

"महाराष्ट्र तरी कुठंय? मागतोच ना आपण!"

देखाव्याचं उद्घाटन करायला हेमचंद्र धैर्यवान आले होते. धैर्यवान म्हणजे रेडिओवरचे आगगाडीवाले. दर रविवारी सकाळी पाव तास ते घरच्या घरी आगगाडी कशी बनवावी हे सांगत. शिट्टी, वाफ, रूळ बदलल्याचा खडखडाट, सगळं तोंडाने काढत. रेडिओवर गाडी दिसत नाही, ही अडचण कुणाच्या लक्षातच आली नव्हती. त्यांच्यामुळे गिरगावापासून परळपर्यंत घरातले बिस्किटांचे डबे, घड्याळांच्या स्प्रिंगा आणि विणकामाच्या सुया नाहीशा झाल्या होत्या. बायका त्यांना शिव्या घालत, आणि रविवारी त्यांच्यासाठी पाव तास स्टोव्ह बंद ठेवत. धोंडू सगळी आगगाडी त्यांच्याच तोंडून ऐकून शिकला होता.

पण धैर्यवान सरकारी नोकर होते. निघताना पत्नी यशोदाबाईंनी कोटाचं बटण लावून देता देता बजावलं होतं, "गाडीवर बोला. गावांवर एक अक्षर बोलू नका. नोकरी गेली तर आपण काय शिट्टी वाजवत फिरायचं?"

फौजदारांनी वही उघडली. धैर्यवानांच्या तोंडून बेळगाव निघालं, की लिहायचं, असाही हुकूम होता.

धोंडूने धैर्यवानांकडे पाहिलं. "सायबानू, तुमीच सांगा. काढू?"

"काढायलाच हव्यात," धैर्यवान म्हणाले.

मागून कुणीतरी "फितूर!" म्हणालं. कमलाबाईंनी पदर खोचला. "रेडिओवर एवढा बोलतो मेला! इथं दातखीळ बसली काय?"

धैर्यवानांनी खिशातून छोटा चाकू काढला आणि बेळगावची पाटी स्वतःच्या हाताने सोडवली. मग मिरजेची, मग पुण्याची. शेवटी मुंबईचीही.

"अहो, ती राहू द्या," फौजदार जरा गडबडले. "मुंबई आपल्याच राज्यात आहे."

"काढायच्या तर सगळ्या. रेल्वेत पक्षपात चालत नाही." त्यांनी पाट्या फौजदारांच्या हातात दिल्या. "आता हे नुसतं खेळणं आहे. सोडू?"

फौजदारांना हरकत घ्यायला काही सापडेना. त्यांनी मान हलवली.

धोंडूने खाली मान घालून बटण दाबलं. त्याचा चेहरा घरात मयत झाल्यासारखा होता. गाडी यार्डातून हात-दीड हात पुढे आली आणि पहिल्या स्टेशनावर थांबली. धैर्यवानांनी माइक ओढून घेतला. रविवारचा तो आवाज कर्ण्यातून बाहेर आला, आणि रागावलेली माणसंसुद्धा सवयीने कान टवकारून बसली.

"मंडळी, गाडी थांबलेली आहे. स्टेशनावर पाटी नाही. मी पडलो नवखा प्रवासी. हे कोणतं बरं स्टेशन?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कमलाबाई ओरडल्या, "मुंबई!"

"आभारी आहे, बाई."

गाडी पुढे गेली आणि थांबली. "आणि हे?"

"पुणं!" आता शंभरेक आवाज होते. मिरजेला तीनशे झाले. धोंडूची मान वर आली होती. गाडी शेवटच्या स्टेशनात शिरली. धैर्यवानांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि हे हो?"

"बेळगाव!"

मखराचे कागद थरथरले. रस्त्यावरची माणसंही कशासाठी ते न विचारता ओरडली. कमलाबाईंनी तर धैर्यवानांची अलाबला घेऊन बोटं कडाकड मोडली.

फौजदारांची वही कोरी होती. सरकारी नोकराने एकाही गावाचं नाव घेतलं नव्हतं. त्याने फक्त पत्ता विचारला होता.

"थांबवा," फौजदार एकदम म्हणाले.

फौजदार पुढे आले आणि देखाव्यावर वाकले. रुळांवरून बोट फिरवत ते मिरजेपासून बेळगावपर्यंत गेले, परत मिरजेला आले, पुन्हा बेळगावला गेले. मग सरळ उभे राहिले. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता.

"धैर्यवानसाहेब, दर रविवारी आम्ही सहकुटुंब तुम्हाला ऐकतो. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझं काय चुकलं?" धैर्यवानांचा आवाज पहिल्यांदाच कापला.

"मिरजेहून सुटली की थेट बेळगाव? मधलं घटप्रभा स्टेशन कुठं गेलं?"