शंभर वाक्यं

घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज कायमचा जाणार, हे डॉक्टरांनी दीड महिना आधीच सांगितलं होतं. म्हणून मी अ‍ॅप करायला घेतलं. तिची रोजची शंभर वाक्यं आधी रेकॉर्ड करायची. मग तिने स्वतःच्या फोनवर बटण दाबलं की माझ्या आणि ताईच्या फोनवर ते वाक्य तिच्याच आवाजात ऐकू येणार. पण आमचे फोन दोन जातींचे आणि करणारा मी एकटा. दोन्हींवर चालणारं एकच अ‍ॅप कोणत्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे कोणत्या तयार सांगाड्यावर बांधायचं, इथेच घोडं पेंड खात होतं.

एकात आवाज फाटायचा, दुसऱ्यात ताईचा फोन तापायचा. दोनदा सगळं मोडून पहिल्यापासून मांडलं. आई वाक्यांची वही घेऊन रोज माझ्या खोलीच्या दारात उभी.

"अरे, साध्या फोनवर रेकॉर्ड करून ठेव ना," ताई वैतागायची.

"उद्या फ्रेमवर्क बदललं की पुन्हा करावं लागेल. तिचा घसा दोनदा कशाला दुखवायचा?"

चाचणीपुरता मात्र आईपुढे माईक धरून म्हणायचो, "बोल काहीतरी."

मग डॉक्टरांनी ऑपरेशन अचानक आठवडाभर अलीकडे घेतलं.

आज आई घरी आली. अ‍ॅप दोन्ही फोनवर झकास चालतंय. त्यात बटण एकच आहे.



आईने ते दाबलं, आणि दोन्ही फोन तिच्या आवाजात म्हणाले, "झालं का रे तुझं ठरवून?"