बांध कुणाचा

ट्रॉली अर्धी भरली होती आणि कल्याण घामाघूम झाला होता. ज्या बांधावरून दोघा भावांत वर्षानुवर्षं बोलचाल नव्हती, त्याच बांधाचे दगड तो स्वतःच्या हातानं उचलून थोरल्या भावाच्या ट्रॉलीत भरत होता. भुजंगरावांचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

त्यांच्या जालन्यातल्या नव्या बंगल्याची बाग आखायला प्रीतीमॅडम आल्या होत्या. त्यांनी विटा आणि सिमेंटचं नाव काढू दिलं नाही. वाफ्यांना कड हवी ती नैसर्गिक दगडाची, तीही ऊनपावसात मुरलेल्या दगडाची. असा दगड दुकानात मिळत नाही म्हटल्यावर भुजंगरावांना वाटूरचं शेत आठवलं. तिथं आजोबांनी रचलेला दगडी बांध होता. अलीकडे भुजंगरावांची विहिरीची पट्टी, पलीकडे कल्याणचं रान. पट्टी वाटणीत मिळालेली, साऱ्या शिवारात सरस. तिच्यावर त्यांचा भारी जीव. आणि बांध कुणाच्या वाट्याचा, यावरून दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते.

त्यामुळे दगड मागायला जाताना भुजंगरावांनी वकिलाच्या कानावर घालून ठेवलं होतं. पण कल्याण लगेच तयार झाला.

"बांध तुमचाच हाय, दादा," तो म्हणाला. "एक बी दगड ठिवू नका. समदा घेऊन जा."

उगाच आपण धाकट्याला पाण्यात पाहत होतो, असं भुजंगरावांना मनापासून वाटलं.

बागेचा कॉलनीत बोलबाला झाला. त्यांच्या पत्नी उषाबाई पाहुण्यांना चहाच्या आधी दगड दाखवायच्या. भुजंगराव मिशीत हसत सांगायचे, की कोर्टाची पायरी न चढता बांध जिंकला. बागेच्या नादात त्यांची पट्टी त्या साली पेरायची राहिली, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

गावातल्या पेरण्या उरकून महिना झाल्यावर ते वाटूरला गेले आणि गाडीतून उतरताच जागीच थबकले. कल्याणच्या सोयाबीनची तासं सरळ रेषेत पार रस्त्यापर्यंत आली होती. विहीर त्या हिरव्या रानाच्या मधोमध होती. कुठून कुठवर कुणाचं, काही म्हणता काही कळेना. भुजंगराव तासं तुडवत कल्याणपाशी गेले.

"कल्याण, बांध माझा आहे असं तूच म्हणाला होतास ना?"

"तुमचाच हाय की, दादा," कल्याण तण काढायच्या डवऱ्यावरचा हात न काढता म्हणाला. "तो तुम्ही जालन्याला नेला. हितं नुस्तं रान उरलं, ते मी करून राह्यलो."