फाटक

लंडनमध्ये राजा संसदेच्या जिवावर उठला आणि इकडे उर्सुलाचं घर फुटलं. नवरा राजाकडून लढायला गेला. तिने आणि मुलगा गिल्बर्टने संसदेची बाजू धरली. आज नवऱ्याने राजाची फौज आणून स्वतःच्याच गढीला वेढा घातला होता. सकाळपासून त्याच्या तोफा धडधडत होत्या.

दुपारी त्या थांबल्या. तो फाटकासमोर येऊन ओरडला, "उर्सुला, घर माझं आहे! दार उघड!"

"घर असेल तुमचं. आतली माणसं तुमची नाहीत!" ती तटावरून गरजली.

"मग मर तिथेच! पण माझ्या गिल्बर्टला बाहेर पाठव. त्याच्या केसालाही धक्का लागू देणार नाही."

तिने खाली फाटकाकडे खूण केली. "पाठवते."

फाटक उघडलं.


चौघांच्या खांद्यावरून गिल्बर्ट बाहेर आला.