मधली पट्टी

"दोन्हीकडं सारखीच बोंब आहे," माती तपासणारी बाई बांधावर उभी राहून म्हणाली. "कोणीच जिंकलं नाही."

सासरे बांधाच्या एका टोकाला उभे होते, सून दुसऱ्या टोकाला. सासऱ्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, तापानं गेला, त्याला वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हापासून त्या घरात बोलणं असं उरलंच नव्हतं. जेवण वाढल्याचं ताटाच्या आवाजावरून कळायचं.

वरचं रान सासऱ्यांचं. गहू निघाला की ते काड पेटवून देत आणि पेरणीला रासायनिक खताची पोती मोकळी करत. खालचं रान सुनेचं. ती काड मातीत मिसळायची, पण खताच्या दाण्याला शिवायची नाही. वाद जुना होता. मरणानं तो मिटला नाही, फक्त मुका झाला. शेवटी माती तपासून घ्यायचं ठरलं. ज्याची माती सकस, त्याच्या पद्धतीनं सगळं रान कसायचं. हरले तर कायमचं माहेरी जायचं, असं सुनेनं मनाशी पक्कं केलं होतं. आता तिला ना सुटल्यासारखं वाटलं, ना हरल्यासारखं. आपले पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तशी ती उभी होती.

"वर नुसतं खत. मातीत कुजायला काही पडतच नाही," बाई म्हणाली. "खाली काड आहे, पण नत्र नाही. पीकच तोकडं, मग काड तरी किती निघणार? मातीला सकस करणारा कर्ब साठायचा कुठून?" तिनं दोन्ही रानांच्या मधोमध बोट दाखवलं. "विहिरीलगतची ती पट्टी कोणाची? तिथला कर्ब कितीतरी जास्त आहे. एक-दोन वर्षांचं काम नाही ते."

ती पट्टी मुलगा कसायचा. तो गेल्यावर दोघंही तिकडं फिरकले नव्हते.

"बायकोच्या ताटाखालचं मांजर होता तो," सासरे कोरड्या आवाजात म्हणाले. "काड तसंच ठेवायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय. बापाचं कधी ऐकलं नाही."

सुनेनं कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडं मान वळवली.

"खतही टाकायचे ते, बाबा. दर पेरणीला. एकदा मी हातातलं घमेलं ओढून घेतलं. म्हटलं, वडिलांपुढं तोंड उघडायची हिंमत नाही तुमच्यात."

"काड आणि खत, दोन्ही," बाई म्हणाली. "म्हणूनच." तिनं सामान आवरलं आणि ती गाडीकडं निघून गेली.

ऊन चढलं. सासरे पट्टीत उतरले, वाकले, एक ढेकूळ उचललं. बोटांत दाबताच ते मऊ होऊन विरलं. काळपट झालेल्या तळव्याकडं ते पाहत राहिले. सून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली.

"म्हणजे," ते म्हणाले, "आपल्या दोघांचंही ऐकत होता तो."